वळवाचा पाऊस आणि तंबूचा मुक्काम: भंडारदऱ्याच्या सहलीचा बेत कसा आणि कधी बदलावा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य हे काजव्यांचे दिवस. पुण्या-मुंबईहून गाड्या भरभरून लोक भंडारदऱ्याकडे, पुरुषवाडीकडे, राजमाचीकडे निघतात. डिकीत तंबू, पथाऱ्या, शेगडी आणि मुलांचे टॉर्च. नेमके हेच दिवस वळवाचे, आणि मोसमी पाऊस उंबरठ्यावर येऊन थांबण्याचेही. मोसमी पाऊस सरासरीने १ जूनला केरळात आणि ११ जूनला मुंबईत पोहोचतो. २०२५ साली तो २४ मेलाच केरळात उतरला आणि २६ मेला मुंबईत होता. त्यामुळे 'आपण पावसाच्या आधी जाऊन येऊ' या हिशेबावर तंबू ठोकता येत नाही.

या लेखात भंडारदऱ्याचीच सहल डोळ्यांसमोर ठेवली आहे: दोन कुटुंबं, दोन गाड्या, एक-दोन रात्री तंबूत. माझं म्हणणं एवढंच आहे की बेत कधी मोडायचा हे घरी, कोरड्या अंगानं आणि उजेडात ठरवायचं. तिकडे गेल्यावर फक्त ठरल्याप्रमाणे वागायचं. रात्री अकरा वाजता तंबूत पाणी शिरलेलं असतं, मूल रडत असतं, एक जण म्हणतो 'थांबेल आता' आणि दुसरा म्हणतो 'आत्ताच निघू'. त्या वेळी घेतलेला निर्णय बहुधा चुकतो, कारण तेव्हा समोर उरलेले दोन्ही पर्याय वाईट असतात.

आधी तीन मुक्काम ठरवा

बहुतेक जण पर्यायी बेत म्हणजे 'नाहीतर परत येऊ' एवढाच धरतात. घाटमाथ्यावर पावसात, अंधारात परत येणं हा खरं तर सगळ्यांत धोक्याचा पर्याय आहे. म्हणून निघण्यापूर्वी तीन मुक्काम कागदावर लिहा.

पहिला मुक्काम त्याच गावातलं छप्पर. भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावात एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) निवासस्थान आहे, लहान लॉज आहेत, आणि आसपासच्या गावांत घरगुती राहण्याची सोय होते. तंबूच्या जागेपासून पायी किंवा गाडीनं दहा मिनिटांत गाठता येईल असं एक पक्कं छप्पर आधीच बोलून ठेवायचं. सगळी सोय करायला वेळ नसेल तर एवढी एक गोष्ट नक्की करा.

दुसरा मुक्काम पावसाच्या सावलीतला. सह्याद्रीची कड ओलांडून पूर्वेला उतरलं की पाऊस झपाट्यानं कमी होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाट उतरून खाली वाईला जेमतेम सातशे-आठशे, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण सहलीचा बेत करताना ते वापरत नाही. भंडारदऱ्याच्या बाबतीत ही सावली म्हणजे राजूर-अकोले ओलांडून संगमनेर-सिन्नरचा पट्टा. घाटघरला धो धो चालू असताना सिन्नरला नुसतं ढगाळ असू शकतं. वळीव मात्र पूर्वेलाही कोसळतो, त्यामुळे तिकडेही तंबू नको, साधी खोली घ्या.

तिसरा मुक्काम घर. तिथे जायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात.

अंदाज वाचताना जिल्हा नव्हे, घाट बघा

भंडारदरा अहिल्यानगर जिल्ह्यात येतो. हा जिल्हा इतका पसरलेला आहे की त्याच्या पश्चिम टोकाला घाटघरचा पाऊस आणि पूर्वेला पाण्याच्या टँकरची वाट पाहणारी गावं, दोन्ही एकाच इशाऱ्यात मोजली जातात. म्हणून भारतीय हवामान विभागाच्या जिल्हावार इशाऱ्यात शेजारचा 'नाशिक घाट'ही बघा. पुणे, सातारा, कोल्हापूर आणि नाशिक या जिल्ह्यांच्या घाटमाथ्यासाठी विभाग वेगळा इशारा देतो. भंडारदऱ्याचं आभाळ नाशिक घाटाच्या जवळचं आहे, श्रीगोंद्याच्या नव्हे.

रंगांचा अर्थ असा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. पण हे रंग पक्क्या घरात राहणाऱ्यांना नजरेसमोर ठेवून दिलेले असतात. तंबूत झोपणाऱ्यानं प्रत्येक रंग एक पायरी वर धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मे महिन्यातला पिवळा इशारा उघडून वाचलात तर पुष्कळदा 'विजांच्या कडकडाटासह पाऊस, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगानं वारे' असं लिहिलेलं असतं. फ्लॅटमध्ये त्याचा अर्थ खिडक्या लावून घ्या. फायबरच्या काठ्यांवर उभ्या असलेल्या घुमटाकार तंबूसाठी तो वारा म्हणजे काठी मोडण्याची वेळ.

पावसाच्या आकड्यांचंही तसंच. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की मुसळधार, ११५.६ च्या वर अतिमुसळधार आणि २०४.५ पासून त्याहूनही तीव्र अशी विभागाची वर्गवारी आहे. तंबूला मात्र दिवसभराची बेरीज कळत नाही. दिवसभर झिमझिम पडून झालेले ६० मिलिमीटर चांगला तंबू सोसतो. वळवाच्या एका तासातले ३० मिलिमीटर आणि सोबतचा वारा तो सोसत नाही.

फोनमध्ये तीन ॲप्स ठेवा. 'मौसम' अंदाज आणि इशाऱ्यांसाठी. 'दामिनी' विजांसाठी, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ॲप तुमच्या आसपास वीज कुठे पडते आहे ते दाखवतं. आणि 'सचेत' आपत्तीच्या सूचनांसाठी. रतनवाडी-घाटघर बाजूला रेंज भरवशाची नाही, म्हणून नकाशा घरूनच उतरवून ठेवा आणि तिथला शेवटचा अंदाज राजूरला किंवा शेंडीला थांबून बघा. हवामान विभागाचा तात्कालिक इशारा पुढच्या तीन तासांपुरता असतो. पाच दिवसांच्या अंदाजावर बेत करा, पण तंबू ठोकायचा की नाही ते तीन तासांच्या इशाऱ्यावर ठरवा.

कोणत्या खुणेवर काय करायचं

निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून हे मान्य करा आणि ग्रुपवर टाकून ठेवा.

१. नाशिक घाट किंवा अहिल्यानगरला लाल इशारा असेल तर जायचं नाही. चर्चाही नको.
२. नारंगी असेल तर तंबू नाही. गेलात तर छपराखाली, नाहीतर सरळ पूर्वेकडचा बेत.
३. पिवळा आणि त्यात विजा किंवा वारा लिहिलेला असेल तर जा, पण झोपायचं छपराखाली. तंबू उजेडी खेळायला लावा, मुलांची हौस भागते.
४. पिवळा पण नुसता हलका-मध्यम पाऊस असेल तर तंबू चालेल, छप्पर राखून ठेवून.
५. जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळ बंद केल्याचा आदेश काढला असेल, किंवा वन विभागानं अभयारण्यात प्रवेश थांबवला असेल, तर तो शेवटचा शब्द. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं, त्यानंतर असे आदेश जास्त कडकपणे पाळले जातात आणि ते योग्यच आहे.

आणखी एक नियम जोडा: मोठ्यांपैकी कुणीही एकानं 'मला हे बरोबर वाटत नाही' म्हटलं की तंबूचा बेत रद्द. बहुमत घ्यायचं नाही. सोबत आजी-आजोबा असतील तर ते गटाला अडचण नको म्हणून गप्प बसतात, म्हणून त्यांना वेगळं विचारा.

कॅम्पवाल्याशी आधीच बोला

इसार दिलेला असतो आणि तो बुडेल या भीतीनं माणसं नारंगी इशाऱ्यातही निघतात. यावर उपाय म्हणजे पैसे देण्याआधीच अटी विचारणं. गावातल्या माणसाला नीट विचारलं तर तो खरं सांगतो. निरोप साधारण असा असू द्या:

'नमस्कार दादा, शनिवारी आम्ही आठ जण येतोय, त्यात तीन लहान मुलं आहेत. वाऱ्या-पावसाचा इशारा दिसतोय. पाऊस लागलाच तर घरात किंवा पडवीत आठ जणांची पथारी पडेल का? गाडी लावायची जागा मुरमाची आहे की शेतातली? आणि तारीख पुढे न्यावी लागली तर इसार पुढच्या तारखेला धराल का?'

तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं तर तिथे जा. 'काही होत नाही, तुम्ही या फक्त' असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा. एकदा ठरल्यावर मात्र तुम्हीही शब्द पाळा: रद्द करायचं तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा. तोवर त्यांनी कोंबडी आणलेली नसते, भाकरीचं पीठ दळून आणलेलं नसतं. त्या घरासाठी काजव्यांचे तीन आठवडे म्हणजे वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा असतो, तेव्हा रद्द करण्यापेक्षा तारीख बदला.

वाटेत असताना

पहाटे निघा. वळीव साधारणपणे दुपारनंतर, तापलेल्या हवेवर उठतो. दुपारी एकच्या आत पोहोचलात तर जागा बघायला आणि बेत बदलायला उजेड हाताशी राहतो.

पुण्याहून आळेफाटा, बोटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर हा रस्ता जवळचा आणि देखणा आहे, पण अरुंद. पाऊस लागलेला असेल तर संगमनेर-अकोले-राजूर असा वळसा घ्या. अंतर वाढतं, रस्ता मोठा मिळतो, आणि संगमनेरला थांबून 'पुढे जायचं की इथेच राहायचं' हा निर्णय सुरक्षित जागी घेता येतो. मुंबईहून घोटी, बारी, शेंडी. पूर्वी कसारा घाटातलं धुकं आणि दरडी हीच मोठी काळजी असे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे-इगतपुरी हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यातल्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यामुळे आता कसारा घाट टाळून इगतपुरी गाठता येते.

घाटात पाऊस गाठला तर वेग कमी करा आणि हेडलाइट खाली ठेवा. धुक्यात वरचा लाइट लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. डोंगराच्या बाजूनं बारीक दगड, माती किंवा गढूळ पाणी रस्त्यावर येताना दिसलं तर तिथे थांबायचं नाही, फोटो तर मुळीच नाही. ती दरड सुटण्याची सुरुवात असू शकते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. टायरची नक्षी कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर लागते, पण घाटातल्या ओल्या डांबरावर तेवढ्यावर भागत नाही. निघण्याआधी टायर आणि वायपरची रबरं दोन्ही बघा.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. वाहतं पाणी ३० सेंटिमीटर असलं तरी लहान गाडी उचलली जाते, ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या जातात. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की नाही ते वरून दिसत नाही. गावातला ट्रॅक्टर गेला म्हणून तुमची गाडी जाईल असं नाही. डोंगरातला पूर वळवानंतर तास-दोन तासांत ओसरतो, चहा घेत थांबणं हाच उपाय. आणि पाण्यात इंजिन बंद पडलंच तर पुन्हा किल्ली फिरवू नका. इंजिनात पाणी ओढलं जाऊन ते कायमचं जायबंदी होतं.

जागेवर पोहोचल्यावर

तंबू गाडीतून काढण्याआधी पाच मिनिटं जागेवरून चाला. पाण्याच्या काठाची सपाट, मऊ जमीन मोहात पाडते. उन्हाळ्यात आर्थर तलावाचं, म्हणजे भंडारदरा धरणाच्या जलाशयाचं, पाणी खाली गेलेलं असतं आणि उघडी पडलेली ती जमीन मुळात गाळ असते. डोंगरातून येणारे ओढे याच गाळातून तलावात उतरतात. आज कोरडी दिसणारी वाळूची पट्टी म्हणजे ओढ्याचीच वाट. वाळकी पानं, काटक्या यांची रेघ जिथे अडकलेली दिसते, तिथवर पाणी येऊन गेलं आहे असं समजा आणि तिच्या बरंच वर, किंचित उताराच्या जमिनीवर तंबू लावा. एकट्या उंच झाडाखाली नको, सुकलेल्या फांदीखाली नको, खड्या डोंगरउताराच्या पायथ्याशी नको. दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. खालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर छताचं पाणी तीच गोळा करून तुमच्या पाठीखाली नेते. वरचं पावसाळी आवरण, सगळे दोर आणि सगळ्या खुंट्या लावा, आभाळ निरभ्र असलं तरी.

गाडी मुरमाच्या जागेवर, रस्त्याकडे तोंड करून लावा. शेतातली लाल माती तासाभराच्या पावसात चाक गिळते. एका पिशवीत प्रत्येकाचा कोरडा कपड्यांचा जोड, टॉवेल, औषधं, टॉर्च आणि पॉवर बँक भरून ती गाडीतच ठेवा. ती तंबूत आणायची नाही.

मग दुपारी तीन वाजता निर्णय घ्या. तीनच का? कारण अंधाराला अजून चार तास असतात आणि ढग उठू लागलेले असतात. पश्चिमेकडे किंवा कळसूबाईच्या अंगाला ढगांचे मनोरे चढताना दिसतायत का, हवा अचानक पडली आहे का, वारा दिशा बदलून गार झालाय का, ते बघा. तात्कालिक इशारा बघा. आणि ज्यांच्या अंगणात उतरला आहात त्यांना विचारा. 'मामा, आज रात्री काय वाटतंय?' या प्रश्नाला ते वर बघून जे सांगतील त्याला ॲपइतकंच वजन द्या. शंका असेल तर सामान आत्ताच छपराखाली हलवा. काजवे बघायला तंबूची गरज नसते. जेवण करून गावातल्या माणसाबरोबर झाडांपर्यंत जा, पाहा, परत या. हलकी सर येऊन गेल्यावरही ते दिसतात.

वीज

लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, ताबडतोब आसरा घ्या. आसरा म्हणजे पक्कं घर किंवा काचा बंद केलेली, पत्र्याच्या छताची गाडी. तंबू आसरा नाही, झाड नाही, उघडी झोपडी नाही. गाडीत धातूच्या भागांना न टेकता बसा. पत्रा विजेला बाहेरूनच जमिनीकडे नेतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मोजूनच बाहेर या. पाऊस थांबला म्हणून मुलं लगेच पळतात, आणि तो अर्धा तासच धोक्याचा असतो.

रात्रीच वेळ आली तर

सगळं करूनही मध्यरात्री वारा सुटू शकतो. तेव्हा क्रम असा: माणसं आधी गाडीत किंवा घरात, मोजून. चपला-बूट घालून, कारण पावसात विंचू-साप कोरडी जागा शोधत असतात. तंबू तसाच सोडा. वीज चमकत नसेल तर एकानं काठ्या काढून तो जमिनीवर झोपवावा आणि वर दगड ठेवावेत, म्हणजे फाटत नाही. तंबू वाचवायला चार जण भिजत उभे राहण्यात अर्थ नाही.

शेगडी, कोळसा, स्टोव्ह काहीही तंबूत किंवा बंद गाडीत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणूस उठत नाही. थंडी वाजत असेल तर ओले कपडे काढा, कोरडे घाला, मुलांना मध्ये घ्या.

आणि रात्री गाडी चालवून घाट गाठायचा नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला, तेव्हा पुढे पूल नाही हे अंधारात गाडीवाल्यांना दिसलंच नाही. गावातल्या घरात, शाळेच्या किंवा देवळाच्या पडवीत रात्र काढा. कुणी जखमी असेल तर ११२ किंवा १०८, रस्ता अडलेला असेल तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. हे नंबर कागदावर लिहून गाडीच्या आरशामागे खोचून ठेवा.

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडे

सकाळी सांदण दरी आणि रतनगडाचा बेत सोडून द्या. सांदण ही मुळात कातळातली अरुंद भेग आहे, वर कुठेतरी पडलेला पाऊस तिच्यात उतरतो आणि बाहेर पळायला जागा नसते. त्याऐवजी राजूरमार्गे अकोल्याला उतरा. सिद्धेश्वराचं कोरीव जुनं देऊळ आणि अगस्ती आश्रम तिथेच आहेत. पुढे संगमनेरवरून सिन्नर: गोंदेश्वराचं यादवकालीन पंचायतन मंदिर पाहायला दोन तास हवेत, आणि दगड-स्फटिकांच्या गारगोटी संग्रहालयात मुलं रमतात. मुलांना हे 'बदली' म्हणून सांगू नका, सुरुवातीपासून बेताचा भाग म्हणून सांगून ठेवा. मग हिरमोड होत नाही.

किनाऱ्यावर जाणार असाल तर

कोकणात हिशेब वेगळा आहे. मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या टापूत जमिनीवर आलं आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की वाळूवरचा मुक्काम घरूनच रद्द करा, वाट पाहू नका. माडाखाली आणि सुरूच्या बनात एरवीही वाऱ्याच्या दिवशी तंबू नको. समुद्र खवळला की दिघी-आगरदांडा, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे या फेऱ्या थांबतात, तेव्हा रस्त्याचा लांब वळसा आणि त्याचं पेट्रोल आधीच धरा. भरतीच्या वेळा पाहा: मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की खाडीकाठच्या रस्त्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही, वरच चढतं.

घरी आल्यावर

ओला तंबू पिशवीत एक-दोन दिवस राहिला तरी बुरशी धरते आणि आतलं जलरोधक अस्तर सुटू लागतं. आल्या आल्या गच्चीत किंवा दोरीवर उलटा टाका, खुंट्यांची माती धुवा, शिवणी तपासा.

मग लगेच नवी तारीख घ्या. परतीचा पाऊस महाराष्ट्रातून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जातो, पण त्या महिन्यातही वीज-वारा असतोच. तंबूसाठी भंडारदऱ्याला नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हे दिवस खरे: रात्री थंड, आभाळ स्वच्छ, रस्ते कोरडे. काजवे तेव्हा नसतील. काजव्यांसाठी पुढच्या मेमध्ये त्याच घरी, या वेळी थेट पडवीतली जागा सांगून ठेवा.